लक्ष्मीपूजनाच्या सह्या

"इतके दिवस वहिनी म्हणत आलो, आता नाही म्हणणार! प्रोप्रायटर मॅडम, बाहेर या! बाहेर या म्हणतो ना!"

लोखंडवाले शेठ आमच्या जिन्यात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की पांडवलेण्यांतल्या वटवाघळांनीही उलटं लटकणं सोडून सरळ उभं राहून ऐकलं असेल. सिडकोतली आमची इमारत तीन मजल्यांची, पण त्या सकाळी बाल्कन्यांतून इतकी डोकी बाहेर आली की चौथा मजला कधी चढवला, असा मलाच प्रश्न पडला. मी भजी तळत होते. हातात झारा तसाच घेऊन दारात आले.

शेठनी एक चेक माझ्या नाकासमोर नाचवला. त्याला बँकेची चिठ्ठी टाचलेली. खात्यात पुरेशी रक्कम नाही, म्हणून परत.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"मग माल कोणी नेला?"

"ह्यांनी. धंदा हे बघतात ना शेठ. तुम्हाला काय माहीत नाही?"

"मला सगळं माहीत आहे! पण चेकवर त्यांचं नख तरी दिसतंय का कुठे? सांगा! कोर्टात मी कोणाला ओढू? झाऱ्याला?"

आणि 'हे', म्हणजे आमचे यजमान, न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून बसले होते. संकट दारात आलं की ह्यांना अंघोळ लागते. त्या दिवशी त्यांनी एवढी लांब अंघोळ केली की गंगापूर धरणाची पातळी घसरली असणार; पाटबंधारे खात्यानं ती पावसाच्या माथी मारली असेल. शेठ गेले, जिना थंड झाला, भजी कोळसा झाली, तेव्हा हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, "कोणी आलं होतं का गं?"

मी प्रोप्रायटर कशी झाले ते सांगायला हवं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या गल्ल्यांमधून फिरून गाळ्यांवरच्या पाट्या वाचाल, तर वाटेल की नाशिकच्या समस्त बायकांनी पोळपाट गोदेत सोडून लेथ मशीन हाती घेतलं. अमुक इंजिनिअरिंग, प्रोप्रायटर सौ. तमुक. तमुक इंडस्ट्रीज, प्रोप्रायटर श्रीमती अमुक. आत डोकावलात तर एक बाई दिसली तर शपथ. बाईच्या नावावर कर्ज जरा स्वस्त पडतं, एखाददुसरी सवलत मिळते, म्हणून पाटी बाईची आणि खुर्ची बाप्याची. ह्यांनी मला सांगितलं ते मात्र वेगळ्या भाषेत. "लक्ष्मीच्या नावावर धंदा असला की बरकत असते," म्हणाले. मी नवी नवरी, बी.कॉम.चा निकाल लागून दोन आठवडे झालेले. विरघळले. माझ्या नावाची व्हिजिटिंग कार्डं छापली, शंभर. त्यातली दोन मी गॅसच्या शेगडीच्या लुळ्या पायाखाली घातली. बाकीची कुठे गेली ती लक्ष्मीलाच ठाऊक. गाळ्यावर मला वर्षातून एकदा बोलावणं, दसऱ्याला. मशीनला झेंडूची माळ आणि मला प्लास्टिकच्या ग्लासात चहा.

पण खरा सोहळा असायचा लक्ष्मीपूजनाला. दुसऱ्यांच्या घरी चौरंगावर दागिने मांडतात, नोटा मांडतात. आमच्याकडे केरसुणी, मीठ, लाह्याबत्तासे आणि त्यांच्या मधोमध चेकबुकं. ह्यांची पक्की समजूत होती की अमावास्येच्या मुहूर्तावर, देवीसमोर, घरच्या लक्ष्मीनं केलेली सही कधी परत येत नाही. त्यामुळे वर्षभर लागतील तेवढ्या कोऱ्या चेकांवर मी त्या एका संध्याकाळी सह्या करायच्या. नऊवारी नेसून, नथ घालून, मांडी घालून बसायचं आणि करत सुटायचं. बाहेर फटाके, आत माझं पेन. प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट. ह्यांच्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. सह्या करून करून माझा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब झाला, हे मी कोणालाही मापून दाखवायला तयार आहे. बँकेतली एक मुलगी तर ह्यांना म्हणाली होती, "काका, तुमचा चेक आला की काउंटरवर कापराचा वास सुटतो."

त्या चेकबुकांचा गठ्ठा मग गाळ्यातल्या खणात जायचा. रक्कम हे लिहायचे, तारीख हे टाकायचे, नाव हे घालायचे. बँकेचे मेसेज ह्यांच्या फोनवर. माझं खातं, आणि त्यात काय आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत. एवढं मोठं गुपित मनात न ठेवता मी वीस वर्षं सुखानं झोपले.

तशी ती वर्षं वाईट नव्हती. हे गाड्यांच्या कंपनीसाठी लहान लहान भाग बनवून द्यायचे, कंपनी सावकाश पैसे द्यायची, शेठ लोखंड द्यायचे. राजकोटहून संगणकावर लोखंड कापणारं जुनं सीएनसी मशीन आणलं, त्याचे हप्ते फेडले. मग एक दिवस कंपनीनं सांगितलं, आता हे भाग आम्ही दुसरीकडून घेणार. ह्यांनी घरात ते सांगितलं नाही, गाळ्यात सांगितलं नाही, मला वाटतं स्वतःलाही सांगितलं नसावं. लोखंड आणत राहिले, चेक फाडत राहिले. जिन्यातल्या त्या तमाशानंतर मी विचारलं, "खात्यात पैसे नाहीत हे माहीत असून चेक दिलात?" तर मलाच शिकवायला लागले.

"अगं, अंबडमध्ये चेक म्हणजे पैसे नसतात. चेक म्हणजे तारीख असते. तारीख आली की पुढची तारीख द्यायची. सगळे असंच करतात."

"आणि शेठ?"

"ओरडेल आणि गप्प बसेल. मला ओळखतो तो."

शेठ ह्यांना ओळखत होते, म्हणूनच गप्प बसले नाहीत. त्यांच्या वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टानं आली. माझ्या नावानं. पोस्टमन दारात, हे त्याला सांगतायत, "त्या गावाला गेल्यात," आणि मी पाच हातांवर स्वयंपाकघरात मिरचीच्या फोडणीनं अशी खोकतेय की गावाला असते तरी तो खोकला इथे ऐकू आला असता. पोस्टमननं ह्यांच्याकडे बघितलं, खोकल्याकडे बघितलं, आणि पाकिटावर लिहिलं: घेण्यास नकार.

"झालं," हे हात झटकत म्हणाले. "नोटीस घेतलीच नाही, तर मिळाली कुठून?"

पुढे आमच्या वकिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांच्या अशिलांची रांग घाबरली. नाकारलेली नोटीस कायद्यानं मिळालेलीच धरतात. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ते पंधरा दिवस आम्ही नोटीस न मिळाल्याच्या आनंदात घालवले. एकदा तर त्या आनंदात मिसळ खायलाही गेलो. आणि सोळाव्या दिवसापासून जो उधारीचा व्यवहार होता तो गुन्हा झाला. तो करणारी बाई मी.

मग कोर्टाचं समन्स आलं. ते मात्र ह्यांनी घेतलं, कारण नाकारण्याचा परिणाम एव्हाना कोणीतरी सांगितला असावा. घेतलं, सही केली आणि फ्रिजवरच्या डब्याखाली सरकवलं. मला एका शब्दानं सांगितलं नाही. पहिली तारीख गेली, दुसरी गेली. कोर्टात माझ्या नावाचा पुकारा होत राहिला आणि मी इकडे तिळाचे लाडू वळत बसले.

संक्रांतीचं हळदीकुंकू. घरात पन्नास बायका. खरं तर पंचवीसच असतील, पण प्रत्येकीची साडी आणि आवाज धरला तर पन्नास. सगळ्या काळ्या साड्यांत. तेवढ्यात खाकीतली एक बाई दारात. बायकांनी तिलाही आत ओढलं. माझ्या शेजारणीनं तर खुर्ची दिली. मी तिला हळद लावली, कुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली, आणि हातावर लाडू ठेवून म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

"गोडच बोलते ताई," ती हळूच म्हणाली. "तुमच्या नावाचं वॉरंट आहे."

तिनं खरंच हळू म्हटलं होतं, तिचे उपकार आहेत. पण पन्नास बायका एकाच वेळी गप्प व्हायचा तो एकच क्षण नेमका तिच्या वाट्याला आला. कोणाच्या तरी हातातल्या बांगड्यांचा आवाज झाला आणि तोही थांबला. मग शेजारीण म्हणाली, "अहो पण वॉरंट कसलं? ह्या तर घराबाहेरही पडत नाहीत!" हवालदारीणबाईंनी कागद वाचला. "चेक बाउन्स. प्रोप्रायटर ह्याच ना?" बायकांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. त्यांतल्या दोघीतिघी स्वतः प्रोप्रायटर होत्या, अंबडच्याच. त्यांचे चेहरे माझ्यापेक्षा पांढरे पडले. त्या संध्याकाळी सिडकोत किती नवऱ्यांना जेवण मिळालं नसेल, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

सकाळी कोर्टात हजर राहा, जामीनदार आणा, असं लिहून घेऊन ती गेली. वाटी घेऊन गेली. वाण परत करत नाहीत.

ह्यांना फोन केला तर म्हणाले, "वकिलाला सांगितलंय मी, तू घाबरू नको." माझ्या भावाला सटाण्याला फोन केला तर तो पहाटेच सातबारा घेऊन निघाला. कोर्टाच्या फाटकाशी मला बघितल्यावर आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग विचारलं, "सही तुनीच शे ना, बाई?"

"माझीच."

"आणि पावना?" म्हणजे माझा नवरा.

मी बोट दाखवलं. पावना समोरच्या चहाच्या टपरीवर, पाठ करून उभा होता. भावानं ती पाठ बघून घेतली. मग म्हणाला, "तुले जेलमा कोन धाडस! मी शे ना." आणि आपली जमीन माझ्या सहीसाठी जामीन ठेवायला आत गेला.

मी पिंजऱ्यात उभी राहिले ती कालच्याच काळ्या साडीत. बदलायचं भान नव्हतं. सगळ्या काळ्या कोटांमध्ये मी अशी मिसळून गेले की शिपायानं मला दोनदा विचारलं, "मॅडम, तुमचे आरोपी कुठायत?"

पुढची दोन वर्षं तारखा. चेक म्हणजे तारीख असते हे ह्यांचं म्हणणं खरं ठरलं, फक्त त्या तारखांना जायचं मी. महिन्यातून एकदा उठायचं, डबा भरायचा आणि कोर्टाच्या बाकावर बसायचं. माझ्या आजूबाजूला चेकवालेच. एक द्राक्षबागवाला, एक केटरर, एक मंडपवाला, आणि बायका. कितीतरी बायका. सगळ्यांच्या हातात डबा आणि सगळ्यांचे नवरे टपरीवर. त्या टपरीवाल्यानं आमच्या नवऱ्यांच्या जिवावर गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, असं म्हणतात. मीच म्हणते.

वकिलांनी मला सरळ सांगितलं होतं. "ताई, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सही तुमची, खातं तुमचं, धंदा तुमच्या नावावर. सुटका अवघड आहे. पण यजमान कोर्टात येऊन म्हणाले की व्यवहार मी करत होतो, बायकोला यातलं काही माहीत नव्हतं, तर शिक्षा ठरवताना साहेब ते लक्षात घेतील. कैद टळू शकते."

म्हणजे माझा तुरुंग एका वाक्यावर आला होता. ते वाक्य ह्यांनी बोलायचं. मी घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "बघू." मी दर तारखेच्या आधी सांगितलं. "बघू." एकदा मी रडले, एकदा ताट आपटलं, एकदा ह्यांच्या आईच्या पाया पडून त्यांना बोलायला लावलं. ह्यांचं बघणं संपेना. त्याऐवजी ह्यांनी स्वतःची एक युक्ती काढली.

"तू असं सांग, मला काही कळत नाही. मी साधी बाई. नवरा बोट ठेवेल तिथे सही करते. चेक म्हणजे काय असतं तेच मला ठाऊक नाही."

"मी बी.कॉम. आहे."

"ते कोण विचारतंय?"

विचारलं. शेठची साक्ष झाली. त्यांनी तो चेक पुढे केला. साहेबांनी तो उजेडात धरला आणि कोपऱ्यावरच्या तांबड्या डागाकडे बघत राहिले. "हे काय आहे?" शेठ म्हणाले, "कुंकू आहे साहेब. ह्यांचे सगळेच चेक असे येतात." मागे कोणीतरी हसलं. मी नाही हसले. वीस वर्षं देवीपुढे बसून केलेली माझी पूजा तिथे पुराव्याचा नंबर घालून फाईलला लागली होती.

मग माझी पाळी. साहेबांनी मला प्रश्न विचारायचे, मी उत्तरं द्यायची. मी मागे वळून बघितलं. त्या दिवशी हे टपरी सोडून आत आले होते. शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. मला वाटलं, आले. आता उठतील. गर्दीत माझे डोळे त्यांना चिकटले होते, आणि त्यांचे डोळे वरच्या पंख्याला. पंखा बंद होता.

"शिक्षण काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

वकिलांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली: साधी बाई. मागे ह्यांच्या ओठांचीही हालचाल दिसली: साधी बाई.

"बी.कॉम.," मी म्हणाले. "चेकच्या कायद्याचा धडा होता आम्हाला. चांगले गुण होते."

वकिलांचं पेन खाली पडलं. ते उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"चेकवरची सही तुमची आहे?"

"माझी आहे. देवासमोर केलेली आहे. रक्कम माझ्या हातची नाही, तारीख माझ्या हातची नाही. पण सही माझी आहे."

"मग रक्कम कोणी लिहिली?"

मी पुन्हा मागे बघितलं. पूर्ण वळून बघितलं, साऱ्या कोर्टाला कळावं म्हणून. बाकावरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हे पंख्याकडे.

"ते इथे कोणी सांगत असेल तर सांगू दे साहेब," मी म्हणाले.

कोणी सांगितलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "निकालाची तारीख देतो. तोपर्यंत पैसे देऊन तडजोड करता आली तर करा, बाई. नाहीतर मला कायद्याप्रमाणे करावं लागेल."

कोर्टातून मी घरी गेले नाही. रिक्षा केली आणि थेट अंबडला. दसरा नसताना गाळ्यात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. सीएनसी मशीन प्लास्टिकच्या कव्हराखाली बसलं होतं. ह्यांचा त्या मशीनवर एवढा जीव, की ताप आला तर मला क्रोसिन आणि त्याला परदेशी तेल. सातपूरचा एक जण ते मागत होता हे मला ठाऊक होतं; ह्यांनीच घरात दहा वेळा त्याला शिव्या घातल्या होत्या. मी त्याला फोन केला.

तीन दिवसांनी तो क्रेन घेऊन आला. हे मशीनला असे मिठी मारून उभे, की पाठवणीला मुलीच्या बापानंही तसं केलं नसेल.

"हे माझं मशीन आहे! वेड लागलंय का तुला? पोट आहे हे आपलं!"

"बिल वाचा."

"बिल काय वाचू!"

"वाचा. मोठ्यानं वाचा. प्रोप्रायटर कोण लिहिलंय?"

त्यांनी वाचलं नाही. सातपूरवाल्यानं वाचलं, आवाज चढवून. मशीन घेतल्याचं बिल माझ्या नावे, विमा माझ्या नावे, कर माझ्या नावे. वीस वर्षांत त्या नावाचा मला झालेला हा पहिला उपयोग. क्रेनच्या बॉनेटवर कागद ठेवून मी विक्रीवर सही केली. पेन चालेना, तर कंप्रेसरवर घासलं. मशीन हवेत उचललं तेव्हा हे खाली उभे राहून ओरडत होते, "हळू! हळू! दांडा वाकेल!" माझ्या वॉरंटाच्या दिवशी ह्यांचा आवाज एवढा चढला असता, तर साहेबांना घरबसल्या ऐकू गेलं असतं.

डिमांड ड्राफ्ट काढला. चेक शेठनी घेतला नसता, आणि मीही दिला नसता. तारखेला शेठनी आणि मी सांगितलं, तडजोड झाली. साहेबांनी दोन ओळी लिहिल्या आणि मी सुटले. एवढंच. दोन वर्षांचं ओझं दोन ओळींत उतरलं, तर हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. भाऊ सटाण्याहून आला होता, त्यानं आपला सातबारा मोकळा झाल्याचा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "चाल, घर चाल मन्हासंगे." मी म्हणाले, नंतर येईन. त्याला बसमध्ये बसवून मी परत आले.

घरी हे जेवायला बसले होते. त्यांच्या आईनं वाढलं होतं. मी हातपाय धुतले, समोर बसले, आणि मनात दोन वर्षं घोळलेला प्रश्न विचारला. भांडायला नाही. खरंच जाणून घ्यायला.

"त्या दिवशी तुम्ही आत येऊन बसलात. साहेबांनी विचारलं, रक्कम कोणी लिहिली. तुम्ही उठला का नाहीत? एक वाक्य होतं. बोलला का नाहीत?"

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, खाल्ला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मला कुठे समन्स आलं होतं?"